घुमटाचा निकाल कोण लावतो?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात घुमट आरती स्पर्धांच्या (घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने गायच्या आरत्यांच्या) जाहिराती वर्तमानपत्रांत दिसू लागतात आणि चवथ उलटली की निकालांवरच्या तक्रारी. कुणी म्हणतो परीक्षकांना ताल कळत नाही, कुणी म्हणतो अमुक तालुक्यालाच बक्षिसे जातात. या तक्रारींत संशय बहुतेक वेळा परीक्षकाच्या हेतूवर असतो. आमचे म्हणणे वेगळे आहे. परीक्षक प्रामाणिक आणि जाणकार असला, तरी त्याच्या कानावर नेमके काय पडते हे त्याची खुर्ची कुठे आहे, पथक कितव्या क्रमांकाला आले, डोळ्यांना काय दिसले आणि निवेदकाने आधी काय सांगितले यावर अवलंबून असते. रसिकाचेही तेच. आपली आवड आतून येते असे आपण समजतो; तिचा बराचसा भाग खुर्चीवाला, मंडपवाला आणि मायक्रोफोनवाला ठरवत असतो. यातल्या अनेक गोष्टी आयोजकांना सुधारता येण्यासारख्या आहेत. त्या कुठे चुकतात हे सांगण्यासाठी हे पत्र. ते लांबणार आहे, आधीच क्षमा मागतो.

घरची आरती मुळात ऐकण्यासाठी नसते. देवाच्या खोलीत किंवा वसरीवर माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) पंधरा-वीस माणसे दाटीने उभी राहतात. तिघे-चौघे घुमटावर, एक शमेळ या काठ्यांनी वाजवायच्या वाद्यावर, एक-दोघे कासाळ्यांवर, म्हणजे झांजांवर, बाकीचे सगळे गळ्यावर. श्रोता असा कुणी उरतच नाही. फार तर कोपऱ्यातली आजी, आणि तीही टाळ्यांचा ठेका धरून असते. चाल संथ सुरू होते, दोन-तीन आरत्यांनंतर अंगात येते, मंत्रपुष्पांजलीपर्यंत घसे बसलेले असतात. आरती रंगली हे कळते कशावरून? शेजारचा यजमान हाताला धरून म्हणतो, ‘आता आमच्याकडे चला.’ एखाद्याचा हात चुकला तर तो बाजूच्या चार हातांत बुडून जातो. हीच आरती मंचावर नेली की समोर तीनशे खुर्च्या येतात आणि श्रोता नावाचा माणूस पहिल्यांदा जन्माला येतो. त्याला चुकलेला हात स्वच्छ ऐकू येतो, कारण त्याला दुसरे काम नाही.

जागेपासून सुरुवात करू. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. चार मीटरवरच्या भिंतीवर आपटून तो परत यायला २३-२४ मिलिसेकंद लागतात. इतक्या लवकर आलेला पडसाद कान वेगळा काढत नाही. तो मूळ थापेत मिसळतो आणि थाप भरदार वाटते. जुन्या घरातले घुमट गाजते त्यातला मोठा वाटा भिंतींचा आहे. आता पंचवीस मीटर खोल सभागृह घ्या. मागच्या सपाट भिंतीवरून येणारा पडसाद पहिल्या रांगेत सुमारे १४७ मिलिसेकंदांनी पोचतो. द्रुत लयीत सेकंदाला सहा-सात थापा पडत असतात, म्हणजे दोन थापांमधले अंतरही जवळपास तेवढेच. मागून आलेली थाप पुढच्या थापेच्या अंगावर बसते. लय थोडी इकडेतिकडे झाली की ती दोन थापांच्या मध्ये घुसते आणि वाजवणारा बिनचूक असूनही परीक्षकाला पथक ‘सुटल्यासारखे’ वाटते. आणि परीक्षकांना मान म्हणून आपण बसवतो कुठे? पहिल्या रांगेत. मागच्या भिंतीजवळ बसलेल्या माणसाला हा पडसाद लगेच मिळतो, म्हणून त्याला ती आरती घट्ट वाटते. मग बाहेर चहाच्या टपरीवर दोघांचे भांडण होते आणि दोघेही खरे बोलत असतात.

उपाय महागडा नाही. मागच्या भिंतीवर जाड कापडाचे पडदे चुण्या घालून सोडावेत. ताणून लावलेला पातळ पडदा उपयोगाचा नाही. परीक्षक सभागृहाच्या मध्यावर, तिघे एकाच रांगेत बसवावेत. उघड्या मंडपात उलट अडचण असते, भिंतच नसते. थाप कोरडी पडते, गाणाऱ्यांना एकमेकांचे ऐकू येत नाही आणि ते ओरडू लागतात. तिथे मंचाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना प्लायवुडचे फलक उभे केले तरी फरक पडतो.

दुसरी गोष्ट कातड्याची. घुमट म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेले मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, लहान तोंड मोकळे. एक हात कातड्यावर थाप मारतो, दुसऱ्याचा तळहात लहान तोंडापाशी उघडझाप करतो. तळहात जवळ आणला की आतल्या हवेची घुम खाली उतरते, पूर्ण झाकला की दबते, सोडला की मोकळी होते. म्हणजे वाद्याला दोन आवाज आहेत, कातड्याचा आणि हवेचा, आणि चांगला वादक या दोघांचे बोलणे घडवतो. भाद्रपदातल्या दमट हवेत कातडे पाणी ओढते, सैल पडते, स्वर उतरतो. म्हणून वादक ते शेकून घेतात. तेच शेकलेले घुमट वातानुकूलित सभागृहात नेले की कोरड्या हवेने ते आणखी ताणले जाते, स्वर चढतो आणि खालची घुम पातळ होते. बाहेर पावसात उभे राहून, आत येऊन, पाचव्या मिनिटाला मंचावर चढणाऱ्या पथकाचे वाद्य पहिल्या आणि शेवटच्या आरतीत एकसारखे राहत नाही. प्रत्येक पथकाला मंचाइतक्याच थंड हवेच्या खोलीत निदान वीस मिनिटे वाद्ये ठेवायला मिळाली पाहिजेत. शेकण्याची सोय बाहेर हवी, पण थेट ज्वाळेवर नको. कड आधी सुकते आणि तिथेच कातडे फाटते, माती एका बाजूने तापली तर भांडे तडकते. आच हातभर लांबून घ्यावी आणि भांडे फिरवत राहावे. ही खोली दिली नाही तर आपण वादनाला गुण देत नसून त्या दिवशीच्या हवेला देतो.

आता मायक्रोफोन. सर्वसाधारण पद्धत अशी: गायकापुढे दोन, घुमटांपुढे दोन, कासाळ्यांपुढे काही नाही, कारण ती तशीच ऐकू येतात. इथपर्यंत ठीक. पण घुमटापुढचा मायक्रोफोन कातड्यासमोर धरला की फक्त टक्‌ ऐकू येते, लहान तोंडासमोर धरला की फक्त घुम, आणि तीही फुगवलेली. एका दिशेने ऐकणारा मायक्रोफोन आवाजाच्या उगमाला जितका चिकटवाल तितका खर्ज वाढवतो, हा त्याचा स्वभाव आहे. त्यात हाताच्या थापेसरशी बाहेर ढकलली जाणारी हवा मायक्रोफोनच्या आतल्या पडद्यावर आपटून फटफट होते. पथकातली चार घुमटे आणि दोन मायक्रोफोन असले तर ज्या दोघांसमोर ते आहेत त्यांचेच वादन परीक्षक ऐकतो. उरलेले दोघे कितीही तयारीचे असोत, ते सभागृहापुरते नसतातच. त्याहून बरे म्हणजे दोन मायक्रोफोन मंचापासून दोन-अडीच मीटर उंचीवर टांगून संपूर्ण पथकाचा आवाज घ्यावा आणि मुख्य गायकासाठी एक वेगळा ठेवावा. दोन मायक्रोफोनमधले अंतर, मायक्रोफोन आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट असावे, नाहीतर एकच थाप दोन्हींत किंचित मागेपुढे पोचून पोकळ वाटू लागते. कासाळी मागच्या रांगेत, टांगलेल्या मायक्रोफोनच्या तोंडापासून बाजूला. ध्वनियंत्रणेत आवाज दाबणारे यंत्र चालू असले तर कासाळ्यांच्या प्रत्येक आघाताला ते घुमट आणि गळा दोन्ही खाली ओढते. ऐकणाऱ्याला वाटते गायकाचा दम कमी आहे. ते बंद ठेवायला सांगावे. आणि एकदा बसवलेले पातळीचे खटके स्पर्धा संपेपर्यंत हलवू नयेत. ध्वनिवाला हौशी असतो, त्याला पथकागणिक ‘सुधारणा’ करायची असते. सातव्या पथकाला मिळालेला गोड आवाज बऱ्याचदा त्याच्या बोटांचा असतो.

वेळेची मर्यादा हाही असाच एक न दिसणारा परीक्षक. बारा मिनिटे दिली की पथके संथ भाग दोन मिनिटांत उरकतात आणि सरळ द्रुतात उडी मारतात, कारण टाळ्या तिथे आहेत. चौकट कलेला वाकवते हे काही नवीन नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच जागा असायची, आणि तासभर ख्याल मांडणाऱ्या गायकांना तेवढ्यातच राग दाखवावा लागे. आपल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची तशीच छोटी भैरवी १९७७ मध्ये अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. मैफलीत भैरवी लागली की आपण चपला शोधू लागतो, कारण आता शेवट हे आपल्याला माहीत असते. ते माहीत असणे स्वरांत कुठेच नाही. यान ज्या कुणाला सापडेल त्याला स्वर मिळतील, निरोप मिळणार नाही. मंचावरच्या घुमट आरतीचेही असेच काहीसे होते. मर्यादा अठरा-वीस मिनिटांची केली आणि पहिली पाच मिनिटे संथ लयीतच राहावीत असा नियम घातला तर चढण ऐकू येईल. पथकांची संख्या कमी करावी लागेल, हे खरे. ती व्हायलाच हवी.

क्रमाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण इथे अन्याय सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा आहे. ब्रुसेल्सला क्वीन एलिझाबेथ नावाची पाश्चात्त्य संगीताची स्पर्धा भरते. अंतिम फेरीत बारा कलाकार, सहा संध्याकाळी, रोज दोन. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. चिठ्ठ्यांचाच क्रम असल्यामुळे कोणत्या दिवशी वाजवले याचा निकालाशी काही संबंध असायला नको. अर्थशास्त्रज्ञ फ्लोरेस आणि गिन्सबर्ग यांनी जुने निकाल तपासले आणि १९९६ मध्ये दाखवले की पहिल्या दिवशी वाजवणारे मागे पडतात, नंतर येणारे वर जातात. कारणे उघड आहेत. परीक्षक सुरुवातीला हात राखून गुण देतो, पुढे आणखी चांगले आले तर जागा उरावी म्हणून. शिवाय या अंतिम फेरीत सर्वांना एक नवीकोरी रचना वाजवावी लागते. पहिल्यांदा ऐकताना ती परीक्षकालाच अनोळखी असते. दहाव्यांदा ऐकताना ती त्याच्या ओळखीची झालेली असते, आणि ओळखीचे कानाला गोड लागते. गिन्सबर्ग यांनी २००३ मध्ये फॅन ऑर्स यांच्यासोबत पुढचे पाऊल टाकले. वरचा क्रमांक मिळालेल्यांना नंतर जास्त यश मिळाले, हे तर अपेक्षितच. पण त्या क्रमांकात चिठ्ठीच्या नशिबाचा वाटा होता, म्हणजे त्या यशाचा काही भाग नुसत्या क्रमांकानेच घडवला होता. आपल्याकडे पहिल्या बक्षिसाच्या पथकाला पुढच्या वर्षी गावोगावची आमंत्रणे मिळतात. त्यातली किती आरतीमुळे आणि किती चिठ्ठीमुळे?

क्रमाचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, कमी करता येतो. चिठ्ठ्या त्याच दिवशी सर्वांसमोर टाकाव्यात. नोंदणीच्या क्रमाने बोलवू नये. स्पर्धेत नसलेले एक पथक सर्वांत आधी दहा-बारा मिनिटे वाजवून घ्यावे, म्हणजे परीक्षकांचा कान बसतो आणि ध्वनिवाल्याचे खटकेही. पहिल्या तीन पथकांचे गुण पेन्सिलीने लिहावेत आणि चौथे झाल्यावर पुन्हा पाहण्याची मुभा असावी. दर चार पथकांनंतर दहा मिनिटांची विश्रांती. ही विश्रांती चहासाठी नाही, कानासाठी आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरली जाते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला जेमतेम पाव तास. बंदिस्त सभागृहात कासाळी आणि कर्णे मिळून हा आकडा सहज गाठतात. थकलेला कान वरचे स्वर आधी गमावतो, आणि आठव्या पथकाची कासाळी पहिल्यापेक्षा ‘मऊ’ वाटू लागतात.

रात्री दहाचा नियम आपल्याला नवा नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. साधा हिशेब करा. चौदा पथके, प्रत्येकी बारा मिनिटे, म्हणजे १६८ मिनिटे. मधल्या तेरा बदलांना पाच-पाच मिनिटे धरली तर ६५. एकूण २३३ मिनिटे. सहाला सुरुवात केली तर नऊ वाजून ५३ मिनिटांना शेवटचे पथक उतरते. यात विश्रांती धरलेली नाही आणि प्रमुख पाहुण्यांची भाषणेही नाहीत. भाषणे चाळीस मिनिटे चालली (चाळीस हा आकडा आम्ही उदार मनाने कमी धरला आहे) की शेवटची दोन पथके दहाच्या पलीकडे जातात, आणि त्यांना एकतर घाईत आटपावे लागते किंवा मायक्रोफोनशिवाय वाजवावे लागते. बारा पथके आवाज वाढवून ऐकायची, दोन तशीच, आणि सर्वांना एकाच तराजूत घालायचे. भाषणे निकालाच्या वेळी ठेवावीत किंवा पथके दहावर आणावीत.

डोळ्यांचा प्रश्न नाजूक आहे. चिया-जुंग त्साय या संशोधिकेने २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य संगीत स्पर्धांच्या अंतिम फेरीतल्या तिघांच्या सहा-सहा सेकंदांच्या फिती लोकांना दिल्या: काहींना फक्त आवाज, काहींना फक्त मूक चित्र. विजेता कोण हे मूक चित्र पाहणाऱ्यांनी जास्त वेळा बरोबर ओळखले, आणि व्यावसायिक संगीतकारांचीही तीच गत झाली. यावरून ‘लोक डोळ्यांनीच ऐकतात’ असे छातीठोक सांगणारे बरेच भेटतात. त्यांनी एवढेही सांगावे की २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मूळ फिती वापरल्या तेव्हा परिणाम आला, पण वेगळ्या वादकांच्या फिती घेतल्यावर तो टिकला नाही. म्हणजे बहुधा जिथे सगळे जवळपास सारखे तयार असतात तिथे डोळे निकाल फिरवतात, जिथे फरक मोठा असतो तिथे कान पुरतो. आपल्याकडच्या वरच्या पाच पथकांत फरक मोठा नसतोच.

म्हणून वेशभूषेचे गुण वेगळे काढण्यात अर्थ आहे. पांढरा सदरा, खांद्यावरचे उपरणे यांना दहा गुण द्यायचे तर जरूर द्या, ती त्या सोहळ्याची शोभा आहे. पण ते गुण वेगळ्या परीक्षकाने द्यावेत. तोच माणूस वेशभूषा आणि लय दोन्ही पाहू लागला की एकसारख्या सदऱ्यांची शिस्त त्याच्या नकळत लयीच्या रकान्यात उतरते. तालाचे परीक्षक दोन ठेवून त्यांना मंचाकडे पाठ करून बसवले तरी चालेल. त्यात कुणाचा अपमान नाही. घरच्या आरतीतही आपण तोंड देवाकडे करतो, वाजवणाऱ्याकडे नाही.

गुणांची बेरीज ही तर गणिताची चूक आहे. समजा तीन परीक्षक आहेत. पहिल्या पथकाला ९२, ७८, ७९; दुसऱ्याला ७०, ८४, ८४. बेरीज २४९ आणि २३८, म्हणून पहिले पथक जिंकले. प्रत्यक्षात तिघांतल्या दोघांनी दुसऱ्या पथकाला वर ठेवले होते. एका परीक्षकाची गुण देण्याची पट्टी रुंद, ७० ते ९२. बाकी दोघांची अरुंद. रुंद पट्टीवाला एकटाच निकाल लावतो, तेही कुणाला न कळता. यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून पथकांचे क्रमांक लावायचे आणि क्रमांकांची बेरीज करायची. वरच्या उदाहरणात ती ५ आणि ४ होते, दुसरे पथक जिंकते. या पद्धतीतही खोट आहे, अर्ध्या गुणाचा फरकही पूर्ण क्रमांकाचा होतो. म्हणून बरोबरी झाली तरच मूळ गुण पाहावेत, तेही तिघांच्या गुणांपैकी मधला आकडा.

निवेदकाविषयी दोन ओळी. ‘गेल्या वर्षीचे विजेते’, ‘तीन पिढ्यांची परंपरा’ असे सांगून पथक मंचावर बोलावले की ऐकणे तिथेच सुरू होते आणि तिथेच बिघडते. फ्रिट्झ क्राइस्लर या व्हायोलिनवादकाने स्वतःच्या काही रचना जुन्या संगीतकारांच्या नावावर खपवल्या आणि १९३५ मध्ये ते कबूल केले. वर्षानुवर्षे त्या जुन्या म्हणून आनंदाने ऐकलेल्यांपैकी काही समीक्षक चिडले. स्वर तेच होते. निवेदकाने फक्त क्रमांक सांगावा. पथकाचे गाव, परंपरा, विजेतेपदे हे सगळे निकालानंतर सांगता येते. मात्र बाहेरून आलेल्या श्रोत्याला शमेळ कोणते, कासाळी कोणती, लय कुठे बदलणार हे सुरुवातीला एकदा सांगणे गरजेचे आहे. पहिली माहिती मत बनवते, दुसरी कान उघडते.

इथे घोरपडीचा विषय येणारच. पूर्वी घुमटावर घोरपडीचे कातडे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचे कातडे चढते. ‘तो नाद गेला तो गेलाच’ हे वाक्य मग दर चवथीला ऐकू येते. नाद बदलला असेलही. बकऱ्याचे कातडे जाडसर असते, फार पातळ निवडले नाही तर टक्‌ बोथट होते. पण ज्या आठवणीशी आपण तुलना करतो तिच्यात जुन्या घराच्या भिंती आहेत, कर्ण्यांशिवायची रात्र आहे आणि वरचे स्वर धडधाकट ऐकणारा पंधरा वर्षांचा कान आहे. साठीनंतर तो कान राहत नाही. दोष बकऱ्याच्या माथी जातो. व्हायोलिनच्या बाबतीत हीच श्रद्धा तपासली गेली आहे. २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांना डोळ्यांवर काळे चष्मे लावून सहा व्हायोलिने दिली, तीन नवी आणि तीन जुनी, शतकांपूर्वीची. सर्वांत आवडलेले नवे निघाले आणि सर्वांत नावडलेले होते स्ट्रॅडिव्हरी या नावाजलेल्या जुन्या कारागिराचे.

घोरपडीच्या कातड्याची तशी परीक्षा घेता येणार नाही, घेऊही नये. बकऱ्याच्या वेगवेगळ्या कातड्यांची घेता येते, आणि घुमट बनवणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. एकाच कुंभाराची, एकाच मापाची चार भांडी घ्यावीत. तीन वेगवेगळ्या जाडीची कातडी चढवावी, चौथे पहिल्यासारखेच. कापडाआड एकाच वादकाने तोच एक ठेका, अर्धा-अर्धा मिनिट, प्रत्येक घुमटावर दोनदा वाजवावा, क्रम चिठ्ठीने. ऐकणारे दहा पुरेत. आधी हे पाहावे की एकच घुमट दुसऱ्यांदा आले तेव्हा त्याच माणसाने त्याला तेच मत दिले का. ज्याचे मत बदलले त्याच्या आवडीनिवडीवरून कातडे निवडू नये.

हेच वाद्य मांडोला, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतल्या कोंकणी गीतप्रकाराला, साथ करते तेव्हा कुणी त्याच्याकडे सुंवारीसारखी (घुमट, शमेळ, कासाळी यांच्या सामूहिक वादनासारखी) झेप मागत नाही. तिथे संथ सहा मात्रांची चाल, दोन पट्ट्यांत गाणारे गळे आणि व्हायोलिन. घुमट खालून हलकेच सरकते. मांडो ऐकत वाढलेला कान सुंवारीला गोंगाट म्हणेल, सुंवारीत वाढलेला मांडोच्या घुमटाला निजलेले म्हणेल. एका गोव्यात, एकाच मातीच्या भांड्याविषयी. २०१९ मध्ये राज्याने घुमटाला वारसा वाद्य जाहीर केले तेव्हा हे दोन्ही कान त्यात धरले होते असे आम्ही मानतो.

कलाकृती तीच आणि मत मात्र वेगळे, हे चित्रकलेतही गोव्याने पाहिले आहे. सांत इस्तेव बेटावर १९०२ मध्ये जन्मलेल्या आंजेलो द फोन्सेका यांनी शांतिनिकेतनात शिकून चित्रांत येशूच्या आईला, मरियमेला, साडी नेसवली. त्या काळच्या गोव्याच्या धर्मवर्तुळात ते रुचले नाही आणि त्यांचे बरेचसे काम पुण्यात झाले. १९६७ मध्ये तिथेच ते वारले. आज तीच चित्रे पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात जपून ठेवली आहेत. रंग बदलले नाहीत, साडीची निरीही नाही.

यंदा वर सांगितलेले सगळे करणे जमणार नाही, हे आम्हाला कळते. निदान एक करावे. निकालपत्रकावर पथकांच्या अंतिम क्रमांकाबरोबर तीन रकाने जास्त छापावेत: पथक कितव्या क्रमाने वाजवायला आले, प्रत्येक परीक्षकाने त्याला कितवे ठेवले, आणि ध्वनिक्षेपक चालू होता की बंद. एका कागदाची एक बाजू पुरते. असे पाच-सहा स्पर्धांचे कागद हाती आले की पहिल्यांदा येणारी पथके खरोखर मागे पडतात का हे गोव्याच्याच आकड्यांवरून पाहता येईल, आणि परीक्षकांच्या तालुक्याबद्दल लिहिणाऱ्यांनाही मोजायला काहीतरी मिळेल.

कळावे,
आपले,
घुमटवादन आणि ध्वनिव्यवस्था यांच्याशी संबंधित काही वाचक,
फोंडा, गोवा